सासूबाई आणि ऑईल फिल्टर

मोटारसायकल मुळात नवऱ्याची. त्याच्या मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद केली, तेव्हा ती अंगणात गंजण्यापेक्षा मीच चालवायला शिकले. मी उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणासाठी गावोगाव फिरावं लागतं, आणि आमच्या सौंदडकडच्या आडरस्त्यांवर स्कूटीची लहान चाकं खड्ड्यात बसली की उठायचं नाव घेत नाहीत.

मागच्या वर्षी गाडी तापायला लागली. जवळच्या हायवेवरच्या कोहमारा गावातल्या मिस्त्रीनं इंजिन उघडून ऑईल फिल्टर बाहेर काढला, तर त्याचा कागद पत्र्यापासून सुटून भिजलेल्या पापडासारखा झाला होता. तो फिल्टर त्यानंच बसवलेला. त्यामुळे बराच वेळ तो माझ्याकडे न बघता फिल्टरकडेच बघत राहिला.

"डुप्लिकेट निघाला जी मॅडम," तो शेवटी म्हणाला. "आता तुमीच गोंदियातून पाहून आणा. मी आणला अन् पुन्हा असा निघाला, तं बोल मलेच लागन."

सासूबाईंना भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायच्याच होत्या. म्हणून आम्ही दोघी रेल्वेनं गोंदियाला गेलो. जुना फिल्टर नमुना म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घेतला होता. तेलकट काम आधी उरकायचं आणि मग हात धुऊन साड्या बघायच्या, असं सासूबाईंनी रेल्वेतच ठरवून टाकलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात आमच्या शेजारी एक पांढऱ्या शर्टातला माणूस चेन घ्यायला उभा होता. मी फिल्टर मागितला. दुकानदारानं माझं नीट ऐकून घेतलं आणि त्या माणसाला विचारलं, "कौन सा मॉडल है, भैया?"

"मुझे क्या मालूम?"

"गाडी मी चालवते," मी म्हणाले आणि मॉडेल सांगितलं.

दुकानदारानं मान डोलावली आणि पुन्हा त्यालाच विचारलं, "कितनी पुरानी है?"

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, सात वर्षं. "सात साल," त्यानं सांगितलं. दुकानदाराला मराठी चांगलं कळत होतं, पण माझं पुढचं बोलणं मग असंच त्या गृहस्थामार्फत चाललं.

काउंटरवर तीन-चार खोकी आली. मी मोबाईलमध्ये गाडीच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो नेला होता. त्यातला नंबर मी खोक्यांवरच्या नंबराशी ताडून बघत होते, तोवर सासूबाईंनी आपली तपासणी सुरू केली. एक फिल्टर नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, "याले स्वस्त चपलीचा वास येऊन राहिला." दुसऱ्याच्या कागदाच्या घड्या बोटांनी उलगडून पाहिल्या. "ह्या चुन्या पाहा. एक जाड, एक बारीक. नाही चालत."

"माँजी, ये इंजन के अंदर जाएगा," दुकानदार म्हणाला. "वहाँ कौन देखता है?"

"परकर बी आतच रायते. म्हणून फाटका घेते का कोणी?"

दुकानदारानं तो फिल्टर परत खोक्यात घातला. चेनवाले गृहस्थ हसले. तिथंच त्यांचं चुकलं, कारण सासूबाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुमी कोणता लावता जी भाऊ?"

"मेरा तो मिस्त्री डाल देता है."

"मंग आत काय हाय, तुमाले काय मालूम?"

गृहस्थांचं हसणं ओसरलं. बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे त्यांनी एकदा काळजीनं पाहून घेतलं.

माझा नंबर एका खोक्यावर जुळला, पण त्याचं सील फुटलेलं होतं आणि फिल्टरच्या टोकाचं रबर कडक लागत होतं. मी तो परत केला. तेव्हा दुकानदार उठला, आतल्या कपाटातून एक सीलबंद खोकं घेऊन आला आणि म्हणाला, "ये लो, ओरिजिनल."

"हा आतापर्यंत कुठी होता?" सासूबाईंनी विचारलं.

"आपने पूछा नहीं."

"आमी कवाच्या विचारून राहिलो. तुमी त्या भाऊशी बोलून राहिले होते."

नंबर जुळला. उंची आणि भोक जुन्याशी जुळलं. घड्याही एकसारख्या होत्या. मी फिल्टर घेतला. मग गृहस्थांनी चेन बाजूला सारली आणि सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, एक मेरे लिए भी देख दो." त्यांची गाडी अगदीच वेगळी होती, पण सासूबाईंनी तो फिल्टरही हुंगून पास केला. नंबर मात्र मी गुपचूप तपासला.

साड्या त्यांनी पहिल्याच दुकानात, समोर आल्या तशा घेऊन टाकल्या. थकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवताना त्या कोहमाऱ्याला हजर होत्या. मिस्त्रीनं खोकं फोडायला घेतलं तर म्हणाल्या, "पयले हात धुवा." त्यानं मुकाट्यानं साबणानं हात धुतले. गाडी सुरू झाली, आवाज मऊ लागला, तेल कुठं झिरपत नव्हतं. "आता मस्त झाली जी," तो म्हणाला, आणि ते माझ्याऐवजी सासूबाईंना सांगितलं.

"चला, बसा मागे," मी म्हणाले.

सासूबाईंनी हायवेवरून जाणारे ट्रक पाहिले. "फिल्टरवर माहा इस्वास हाय. तुह्यावर बी हाय. या ट्रकवाल्याहिवर नाही."

त्या ऑटोत बसल्या. मी मागून गाडी चालवत निघाले. सौंदड येईपर्यंत त्या ऑटोतून मान बाहेर काढून मला हातानं सांगत होत्या, हळू, हळू. ऑटो माझ्यापेक्षा जोरात चालला होता.