मातीचा सावत्र भाऊ

माया बाप धरणावर चौकीदार आहे. धरण मातीचं, नागपूरपासून दोनेक तासांवर. शहराचे नळ, कालव्याखालची संत्री, वीजघर, मासोळीवाले, सारे त्याच्याच पाण्यावर. अन् बाबाचा जीवही त्याच्यातच. आई धरणाले सवत म्हणते. मंग माया तो सावत्र भाऊच झाला, अन् वरून लाडका.

रोज सकाळी बाबा पायथ्याच्या नालीतून काचेच्या गिलासात पाणी घेते, उन्हात धरून पाह्यते. "मातीचं धरण पाझरतेच गा," तो मले सांगे. "निवळ पाझरलं तर भेव नाही. गढूळ आलं, का समज आतून माती निघून राहिली." धरणाच्या पाळीवर बाभळीचं रोपटं दिसलं का उपटते, मुळाच्या वाटेनं पाणी घुसते म्हणून. मायी दहावीची मार्कशीट त्यानं एवढी निरखून नाही पाह्यली. बरंच झालं म्हणा, गणित गढूळच होतं.

गेल्या गणपतीत नागपूरच्या महाल भागातल्या एका मंडळानं मले पहिल्यांदा स्टेजवर नकला कराले बोलावलं. मी नागपुरातच मनीषनगरले राह्यतो, तिथल्या खोलीवरून बाबाले फोन केला. "पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. येजो."

"येतो ना गा. सदरा इस्त्री करून ठेवला."

कार्यक्रमाच्या दुपारी आईचा फोन. "गढूळ आलं आज. तुया बाप नाही येत."

"काहून? साहेब लोक नाहीत काय तिथं?"

"आहेत. पाझरते तिथं रेती-गिट्टीचे थर टाकून राहिले. पाणी जाईन, माती अडन. हा तिथंच बसून आहे."

"मले डेंगू झाला तवा नाही बसला असा."

"तू फुटला असता तर गावं बुडाली असती काय रे पोट्ट्या?"

त्या खुर्चीवर कोणीतरी काका बसले. मी बाबाचीच नक्कल केली. त्याचं खाकरणं, बसमध्ये सीटसाठी भांडणं, फोनवर साऱ्या गावाले ऐकू जाईन असं बोलणं. लोक लोळले. धरणाचं नाव मी एकदाही काढलं नाही. मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी बाबाचा फोन आला. "पाणी निवळ झालं," हे पहिलं. मंग, "हसले काय लोकं?"

"हसले. तुईच नक्कल केली."

बाबा खूश झाला, आवाजातच समजलं. "धरणावरचं काय काय घेतलं?"

"धरण घेतलंच नाही."

तो खाकरला. मले वाटलं, जिंकलो.

"मंग," तो म्हणे, "मी त्या नकलेत करत काय होतो?"