काहिलीतली समोरची जागा

परभणीच्या स्टँडवर सोनपेठच्या एसटीत बसले तेव्हाच माझे तळहात ओले झाले होते. भीती एसटीची नव्हती, पुढच्या पाण्याची होती. माझ्या भाचीला, रेखाला, नववा महिना लागलेला. बाळंतपणाला तिला परभणीला आणायचं होतं आणि तिचं सासर पडलं पाण्यापलीकडं. तिची आई आता नाही, म्हणून जाणं मला आलं. पोहायचं सोडाच, मी विहिरीचं पाणी बघायलाही कुणाचा तरी दंड धरते.

सोनपेठहून जीप धरली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कापसाची काळी रानं. रेखाच्या सासरच्या गावात ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, मारुतीचं देऊळ, सगळं अलीकडच्या काठाला. बौद्धांची वस्ती आणि धनगरांची थोडी घरं पलीकडं. मधे पूर्वी साधा ओढा होता, पोरं उडी मारून जायची म्हणे. खाली गोदावरीवर बंधारा झाला, पाणी मागं फुगलं आणि ओढ्याची नदी झाली. कागदावर गाव अजून एकच आहे.

काठावर मी होडी शोधत होते. होती ती काहील (गूळ शिजवायची मोठी कढई). या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला. तो हातांनी ओढत काहील नेतात त्या वस्तीतल्या मथुराबाई.

"जय भीम, ताई. वजन किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी चपापले.

"लाजू नका. इथं जोडीनं बसावं लागतंय. एक बाजू जड झाली की काहील पाणी घेती."

माझ्या जोडीचं कुणी मिळेना. तेवढ्यात सरपंच आले. ग्रामसभा दरवेळी गावात व्हायची, वस्तीची माणसं पाण्यामुळं पोचायची नाहीत आणि पुलाचा विषय मागं पडायचा. या खेपेला वस्तीनं हट्टानं सभा आपल्या विहारात घ्यायला लावली होती. सरपंच काहिलीत पहिल्यांदाच बसणार होते. मथुराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घ्या, मिळाली जोडी."

मधोमध काहील स्वतःभोवती गरगरायला लागली. पाणी काहिलीच्या काठापासून वीतभर खाली. सरपंच डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

जमिनीला पाय लागताच त्यांचा आवाज परत आला. विहारात उभं राहून म्हणाले, "पुलाचं वर कळवलंय. जरा सबुरी ठेवा."

रेखाच्या घरचे सगळे सभेतच होते. तिचे सासरे उठले. "सबुरी आमी ठेवतो, साहेब. पोरीचं पोट ठेवतंय का?"

मग पुलाचा ठराव मांडला गेला, हात वर झाले. भाकरी, ठेचा, पिठलं असं सगळ्यांना जेवण होतं.

निघताना वारं सुटलं होतं. मथुराबाईंनी जागा ठरवल्या. रेखा आणि मी एकीकडं, समोर सरपंच आणि रेखाचे सासरे. अर्ध्यात आलो आणि रेखानं माझा हात आवळला.

"मावशी, दुखायलंय."

सरपंच अर्धवट उठले. काहील कलली. गार पाणी माझ्या पायांवर आलं आणि मला वाटलं, संपलं सगळं.

"खाली बसा!" मथुराबाई ओरडल्या.

ते मटकन बसले. दोन्ही हात तळाशी रोवले, नजर रेखावर. "मी हलत न्हाई, पोरी," ते म्हणत राहिले. "बघ, मी हलत न्हाई." काठ येईपर्यंत तेवढंच चाललं होतं.

गावच्या दवाखान्यात बाळंतपणाची सोय नव्हती. सरपंचांनीच आपल्या गाडीतून आम्हाला परभणीच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आता सव्वा महिना होत आला. रेखा घरी जायचं म्हणतेय आणि तिचं बरोबर आहे, घर ते घर. परवा मी सरपंचांना फोन केला.

"ठराव वर गेलाय, ताई," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरीला कधी आणताय तेवढं सांगा. मी येतो काठावर. समोर कुणीतरी बसाया लागंल ना."

बाळ माझ्या मांडीवर झोपलंय. परत तेच पाणी, तीच काहील. आणि या खेपेला कितीही भ्याले तरी मला कुणाचा दंड धरता येणार नाही, हातांत ही असेल.