फक्त फोनवर उघडणारं पान

इंदापूरचे एक निवृत्त गुरुजी वधू-वर सूचक केंद्र चालवतात. त्यांची वेबसाइट मी बारामतीहून सांभाळायचे. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, वरकुट्याच्या एक बाई लई चिडल्यात. पाव्हण्यांना पोरीचा फोटो दाखवायला आपली साइट उघडली, तर भलतंच उघडलं."

"भलतं म्हणजे?"

"चारचौघात बघण्यासारखं न्हवतं."

मी लॅपटॉपवर साइट उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. गुरुजींच्या कॉम्प्युटरवरही ठीक दिसत होतं. पण त्याच आठवड्यात डाळजहून तशीच तक्रार आली, तेव्हा मी वरकुट्याच्या बाईंनाच फोन लावला आणि साइट कशी उघडली ते विचारलं.

"गुगलवर नाव टाकलं, वरच आलं त्याला बोट लावलं. दुसरं काय करणार?"

मी आणि गुरुजी कधीच तसं उघडत नव्हतो. साइटचा पत्ता आमच्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला. मी नवऱ्याचा फोन घेतला, वायफाय बंद केलं, गुगलवर केंद्राचं नाव शोधलं आणि बोट लावलं. आमच्या साइटवरचा गणपती क्षणभर दिसला. मग पान पांढरं झालं, वरचे पत्ते भराभर बदलत गेले आणि जे उघडलं ते पाहून मी फोन पालथा ठेवला. शेजारी सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या.

पुन्हा उघडलं तर आमचीच साइट, अगदी निमूट. माणूस नवा आहे, फोनवर आहे, गुगलवरून आलाय, एवढं बघून साइटमध्ये कुणीतरी घुसवलेला कोड त्याला एकदाच भलतीकडे वळवत होता. साइट चालवणाऱ्यांना ते कधी दिसूच नये, अशी ही सोय होती.

वाट वळवणाऱ्या ओळी मला सर्व्हरवर सापडल्या. त्या पुसल्या आणि चहा टाकला. परत येऊन बघते तर ओळी जिथल्या तिथं. पुन्हा पुसल्या, पुन्हा आल्या. आत कुणीतरी बसलंय आणि मी काय करते ते बघतंय, असंच वाटत राहिलं.

त्या ओळी पुन्हा लिहिणारी फाइल शेवटी मुलींच्या फोटोंमध्ये सापडली. नाव फोटोसारखंच, पण आत फोटो नव्हता. ती काढली. मग साइटवर सगळे अधिकार असलेली खाती पाहिली. माझं होतं, गुरुजींचं होतं, आणि गुरुजींच्याच नावाचं आणखी एक होतं. त्यात फक्त एक अक्षर जास्त होतं.

मी त्यांना फोन केला. "गुरुजी, हे दुसरं खातं तुम्ही उघडलंय?"

"न्हाय बा. मला हाय त्येच उघडता येत न्हाय."

"मग हा जो कोण आहे, त्याला सगळं दिसत होतं. फोटो, पत्ते, घरचे नंबर."

ते म्हणाले, "बंद करा, ताई. समदंच बंद करा."

मी ते खातं उडवलं, पासवर्ड बदलले आणि साइट बंद केली. गुरुजींनी पोलिसांत तक्रार दिली. मग आम्ही दोघांनी वाटून घेऊन घरोघर फोन केले. काही जण रागावले, काहींना नेमकं काय झालं ते कळलंच नाही. वरकुट्याच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो गेला म्हंजी कुठं गेला?"



पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन केला. आवाज अगदी बारीक होता. कुणा अनोळखी माणसानं घरी फोन केला होता. मुलीचं शिक्षण, उंची, मामाचं गाव त्यानं न चुकता सांगितलं आणि मुलीला एकटीला फोनवर बोलवा म्हणाला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"पोरगी घरातच व्हती, पन हितं न्हाय म्हनलं," त्या म्हणाल्या. "तर म्हनतो, मागच्या खोलीत असंल, बघा."