रॉकर मी बसवले

माझ्या व्हॅनचं इंजिन टकटक करायला लागलं तेव्हा शिरूरच्या मेकॅनिकने वरचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. रॉकर झिजले होते. रॉकर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसणारे बोटभर लांबीचे लोखंडी तुकडे. खालून कॅमचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचा, धक्का बसला की ते झुलतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. सहापैकी चारांची तोंडं खरवडून निघाल्यासारखी दिसत होती. मेकॅनिक म्हणाला, कंपनीचे आता मिळत नाहीत, बाहेरचे बनवलेले मिळतात; पण बसवून द्यायला त्याला पंधरा दिवस सवड नव्हती.

मी दुकानातून बाहेरचा सेट घेतला आणि रविवारी सकाळी तीच व्हॅन चालवत न्हावरा-चौफुल्यावरून दौंडला गेले. तिथे आप्पा राहतात, माझे वडील. सगळी नोकरी रेल्वेत फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना कंप सुटला, पण हत्यारांची पेटी अजून तेल लावून ठेवतात. त्या पेटीला हात लावायची मला लहानपणी बंदी होती. दादाला त्यांनी पाने कसे धरायचे ते शिकवलं. दादा कंटाळून पळून जायचा, मी दारात उभी राहून बघत असायचे. मला त्यांनी शिकवलं नाही असं नाही. कॉलेजला घातलं, बी.एड. करायला लावलं, आज मी शिरूरच्या शाळेत गणित शिकवते. आमच्या विहारात मुलींच्या शिक्षणावर आप्पा तासभर बोलू शकतात. फक्त पाना माझ्या हातात दिला नाही.

त्या दिवशी द्यावाच लागला. इंजिन गार होईपर्यंत जेवणं उरकली आणि आप्पा स्टूल घेऊन व्हॅनशेजारी बसले. ते सांगत होते, मी करत होते. झाकण काढलं, स्क्रू ढिले केले, ज्यावर रॉकर ओवलेले असतात तो शाफ्ट हळूहळू ओढला. स्प्रिंगा आणि जुने रॉकर निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. आप्पा नीट सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांत मी खूश होते.

नवे रॉकर बसवायच्या आधी मी एकेक उजेडात धरून पाहिला. प्रत्येकाला तेल जायला बारीक भोक असतं. त्यात मी तार घालून पाहत होते. पाचांतून तार आरपार गेली. सहाव्यातून जाईना. आप्पा म्हणाले, "कचरा असंल, बसीव. सगळे सारखेच असत्यात." मी रॉकेलमध्ये धुतला, पुन्हा तार घातली. भोक अर्ध्यातच संपत होतं. पाडायचंच राहून गेलं होतं. तसाच बसवला असता तर तेलाशिवाय घासून शाफ्टला चिकटला असता.

व्हॅन उघडी पडलेली, म्हणून सोमवारी रजा टाकून एसटीने शिरूर गाठलं. दुकानदार म्हणाला, यातलं तुम्हाला कळणार नाही, घरातल्या कुणाला तरी पाठवा. मी काउंटरवर रॉकर ठेवला, तार ठेवली आणि त्यालाच घालायला सांगितली. तार अर्ध्यात अडली तसा त्याने दुसरा काढून दिला. तो संताप गिळूनच मी दौंडला परतले.

दुपारी सगळे रॉकर तेल लावून बसवले, शाफ्ट घातला, आणि पातळ पोलादी पत्त्यांच्या गेजने व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट एकेक करून जुळवली. पत्ती किंचित ओढ लागून सरकली पाहिजे. ती ओढ बोटांना कळायला वेळ लागतो. किल्ली फिरवली तेव्हा इंजिन शांतपणे चालायला लागलं.

तेवढ्यात आप्पांचे रेल्वेतले दोन जुने सोबती आले. मी आत हात धुवत होते. आप्पा त्यांना सगळं सांगत होते: झिजलेले रॉकर, बाहेरचा सेट, न पाडलेलं भोक. "पोरानं बरोबर पकडलं," ते म्हणाले. "पुण्यावरून फोनवर फोटो बघूनच वळाखलं त्यानं."

पुण्याला राहणाऱ्या दादाने फोन केला नव्हता. मी दौंडला आलेय हेही त्याला माहीत नव्हतं.

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. "आप्पा, ते भोक मी पाहिलं," म्हणाले. "तुम्ही बसीव म्हणालात. दादाला रॉकर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का?" पाहुणे चहाच्या कपात बघत राहिले.

पाहुणे गेल्यावर ते व्हॅनपाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तरीण हायस तू, बाय. तुझं हात काळं झाल्यालं लोकांना कशापायी सांगू? हे बंद व्हावं म्हणून तर शिकीवलं तुला."

त्यांना ते माझ्या भल्याचं वाटत होतं, हे मला कळलं. कळल्यामुळे राग जास्तच आला. "काळ्या हातांनीच तुम्ही आम्हाला वाढवलंत," मी म्हणाले. "आणि दादाचे झालेले चालतात?" उत्तराची वाट न बघता गाडी काढली.

तीन आठवडे मी फोन केला नाही. नवे रॉकर थोडे चालले की फट पुन्हा तपासावी लागते. ती मी एकटीने शाळेच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी तपासली. दोन ठिकाणी वाढली होती, जुळवून घेतली.

मग आप्पांचाच फोन आला. तब्येतीचं काही नाही, दादाचं काही नाही. विचारलं, "फट परत बघितली का?"

"बघितली."

"किती ठेवलीस?"

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "बरूबर हाय."

पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. पण त्यांना तेवढंच विचारायचं होतं. मी फोन ठेवला. त्या सोबत्यांना त्यांनी खरं काय ते सांगितलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर भांडण होईल, आणि या वेळी ते मी अर्ध्यावर सोडणार नाही.