काकांनी उतरवलेली बेचाळीस दारं

आमच्या काकांना कुणी थोर म्हटलेलं मी ऐकलं नाही. तऱ्हेवाईक म्हणायचे, हट्टी म्हणायचे. त्यांच्या नाकावरचा राग माहीत असल्यामुळे काम चालू असताना लोक चार हात लांबच राहायचे. पण माझ्या मते या सुताराच्या तोडीचा माणूस आमच्या गावात झाला नाही.

गाव उत्तरेकडच्या डोंगरउतारावर, बेचाळीस उंबऱ्यांचं, एकाच गल्लीचं. एका वर्षी बर्फ वितळल्यावर वरच्या कड्याला भेग पडली. इंजिनिअर आले, मोजमापं झाली आणि हुकूम निघाला, पुढच्या हिवाळ्याच्या आत गाव रिकामं करा. खाली नदीकाठी एका साच्यातली घरं बांधून दिली, पत्र्याच्या दारांची. लोक रडले, शिव्या घालून झाल्या, आणि सामान बांधून उतरले. राहिली फक्त आत्या, काकांची थोरली बहीण. तिच्यासाठी काका.

आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. तरी गल्लीतली दारं चाचपत ती एकटी कुठेही जायची. कुणाच्या दाराला कुठे गाठ, कुठे चीर, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं.

"खाली सगळे पत्रे सारखेच," ती म्हणाली. "मला काय कोपऱ्यात बसवून ठेवणार? त्यापेक्षा पडू दे तो कडा."

काकांनी वाद घातला नाही, तेव्हाच मला संशय आला. दुसऱ्या दिवशी ते गावातली दारं बिजागऱ्यांसकट उतरवायला लागले. एकेक दार पाठीवर बांधायचं आणि दीड तासाची उतरण. "सुताराचं डोकं फिरलं," लोक हसले. काकांनी नव्या चौकटी घडवल्या आणि गल्लीतल्याच क्रमाने दारं बसवली. घरंही सगळ्यांना त्याच क्रमाने घ्यायला लावली. त्यापायी दोघांशी फक्त मारामारी व्हायची बाकी राहिली. पाच महिने गेले, काकांचे गुडघे कामातून गेले. आत्याचं दार सर्वांत शेवटी आलं.

बर्फ पडायच्या आठवडाभर आधी आत्या खाली उतरली. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. ती हात फिरवत निघाली.

"हे शिंप्याचं. हे मास्तरांचं, वाकडा खिळा अजून काढला नाही मेल्याने."

नवव्या दाराशी ती थांबली. पुन्हा पुन्हा चाचपलं.

"हे कुणाचं रे?"

ते तिचंच होतं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. बहिणीचं दार म्हणून तेवढ्या एकालाच त्यांनी मायेने रंधा मारला होता, घासून पॉलिश केलं होतं. सुतारालाच सुचावा असा उद्योग! तिच्या ओळखीची एकूण एक खूण त्यांनी स्वतःच्या हाताने तासून टाकली होती.

"ताई, चुकलं माझं," काका म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात तेवढेच एकदा ऐकले.

आत्याने तळवा दारावरून खालपर्यंत नेला.

"एवढं गुळगुळीत दुसरं कुणाचं आहे का?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? चल, हो बाजूला," ती म्हणाली आणि दार ढकलून एकटी आत गेली.