खडूची दोन वर्तुळं

माझा थोरला भाऊ देवळाली प्रवऱ्यात माईकवाला होता. लग्नं, कीर्तनं, कारखान्याच्या सभा, सगळीकडे त्याचेच भोंगे. चाळीस वर्षं भोंग्यांशेजारी उभं राहून त्याचा उजवा कान गेला. पुढे डीजेवाल्यांनी धंदा खाल्ला, तेव्हा त्याने घरी बसून स्वतःसाठी स्पीकर बनवायला घेतले.

बनवले तेही जगावेगळे. बोअरच्या केसिंग पाइपचे कमरेएवढे दोन तुकडे, वरच्या तोंडाला छताकडे बघणारा स्पीकर, आणि त्याच्यावर सुताराकडून घडवून घेतलेला लाकडी भोवरा, आर खाली करून बसवलेला. आवाज वर जातो, भोवऱ्यावर आपटतो आणि चहूबाजूंना पसरतो. या स्पीकरला समोरची बाजू अशी नाहीच.

त्याने फोटो पाठवला तेव्हा मी नगरला माझ्या महागड्या स्पीकरच्या डब्यांसमोर गाणी ऐकत बसलो होतो. मला या छंदाचा माज आहे, नाकारत नाही. सोफा कुठे, डबे कुठे, सगळं टेपने मोजलेलं. झाडताना बायकोने सोफा चार बोटं हलवला तरी माझा पारा चढतो. मी फोन करून म्हणालो, "दादा, हे स्पीकर आहेत का समया?"

"समयाच हायेत," तो म्हणाला. "समई काय एकाच मानसाला उजेड देती का? आन मला कान एकच. तुझ्या दोन डब्यांच्या मधी बसून मी काय करू?"

तो हसला, मीही हसलो. त्याच्या हयातीत मी ते स्पीकर ऐकले मात्र नाहीत.

गेल्या पौषात छातीत कळ येऊन तो गेला. दहाव्याला घर धुवायचं म्हटल्यावर मी पुढे झालो. धाकटा असून मोठेपणा करायची माझी जुनी खोड. बैठकीच्या खोलीत ते दोन पाइप भिंती सोडून मध्येच उभे होते. माणसं बसणार कुठे, सतरंजी अंथरणार कुठे? मी ते उचलून टीव्हीच्या दोन बाजूंना भिंतीला टेकवले. खाली शहाबादी फरशीवर खडूची दोन वर्तुळं उमटलेली दिसली. सुतक फिटायचं तर घर लख्ख हवं, म्हणून मी स्वतः सोड्याच्या पाण्याने ती घासून काढली. जो माणूस सोफ्याच्या चार बोटांवरून बायकोशी भांडतो, त्याला ती वर्तुळं कशाची हे कळू नये?

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. भावाने शेवटच्या दिवसांत एक रेकॉर्डिंग केलं होतं. छतातल्या पाळण्याच्या दोन कड्यांना दोन माईक टांगून तो खोलीभर बोलत फिरला होता, आणि मग तेच या स्पीकरवर लावून वहिनींना ऐकवलं होतं. तेव्हा तो त्यांच्या शेजारी बसलेला असूनही खोलीत चालत होता, म्हणे. आता पेन ड्राइव्ह लावला की नुसता गोंगाट येत होता.

"भाऊजी, हे आता भिंतीतनं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "तवा खोलीत हुते. मला एकदाच तसं ऐकायचंय. उन्हाळ्यात लेक मला पुन्याला न्हेनार, मग घर भाड्यानं जाईल."

त्या रविवारी मी गेलो. "हॅलो, हॅलो, मागं ऐकू येतंय का?" एवढी माईकवाल्याची सवयीची हाक कळली. पुढचं सगळं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं घुमत होतं. मी पाइप हातभर पुढे घेतले, घुमारा कमी झाला. शोकेसच्या काचेवरून आवाज झणझणत परत येत होता, म्हणून तिच्यावर गोधडी टाकली. फार मध्ये आणले तर आवाज मोठा व्हायचा पण पातळ. असे चार रविवार गेले. वहिनी दर वेळी ऐकायच्या, मान हलवायच्या, आणि मला शेंगोळे वाढायच्या.

मध्ये मी गाणी लावून बघायचो. माझ्या डब्यांतला गायक मला बोटाने दाखवता येतो. इथे तसं नव्हतं. पेटी जरा जास्तच रुंद वाटायची, डग्गा कुठून वाजतो ते सापडायचं नाही. पण पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तरी गाणं तसंच्या तसं माझ्याबरोबर यायचं. मला त्याची भीती वाटायला लागली. कोणीतरी आहे हे कळायचं, कुठे आहे ते कळायचं नाही. भर दुपारी मी मागे वळून बघायचो.

पाचव्या रविवारी मी टेप घेऊन फरशीवर रांगत होतो. वहिनी बराच वेळ दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमी उठा. ते पाइप जरा भाईर ठिवा."

त्यांनी केरसुणी घेतली आणि रिकामी खोली झाडायला लागल्या. डोळे मिटलेले. कोपऱ्यापासून सरळ येत येत एका जागी त्यांचा हात आपोआप वळला, काहीच नसलेल्या जागेला अर्धा फेरा घालून पुढे गेला. पलीकडे पुन्हा तसाच वळला. रोज त्या पाइपांभोवती झाडलेलं त्यांच्या हाताला पाठ होतं. मी दोन्ही जागी खडूने खूण केली.

पाइप उभे केले, रेकॉर्डिंग लावलं. "हॅलो, हॅलो, मागं ऐकू येतंय का?"

तो खोलीत होता. त्याच्या चपला खिडकीपाशी वाजल्या, मग शोकेसपाशी. खोकला. तो आमच्यामधून जायला लागला तशी वहिनींनी पाय आखडून वाट दिली. मग त्याचा मोबाईल लावल्याचा आवाज आला.

"आरं, झाले स्पीकर. रविवारी ये ऐकायला."

पुढे थोडी शांतता. त्या शांततेत माझा आवाज नव्हता, पण मी काय म्हणालो होतो ते मला आठवलं. येतो, म्हणालो होतो.

"खरं? ये, ये." पावलं लगबगीने स्वयंपाकघराकडे गेली. "अगं, रविवारी येनार हाय त्यो. शेंगोळे कर."

त्या रविवारी मी कुठेच गेलो नव्हतो. जेवून माझ्या मोजलेल्या सोफ्यावर पडलो होतो. येत नाही असा फोनही केला नाही. बुधवारी तो गेला. ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो.

"तीन वाजेस्तोवर जेवले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "दाराकडं डावा कान करून बसले हुते."

त्या उठून आत गेल्या. रेकॉर्डिंग संपलं आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. "हॅलो, हॅलो, मागं ऐकू येतंय का?"

मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. येतंय दादा, एवढंच म्हणायचं होतं.