पोटरीतल्या गाठी

"अगं आई, परत रगडतेयस? डॉक्टर काय बोलले? कानात बोळे घातले होतेस का?"

"त्याला काय जातंय बोलायला! गाठ दाबल्याशिवाय मोकळी होते का कधी?"

मालिशवाली खाटेच्या काठावर बसून अंगठ्याने स्वतःचीच पोटरी चोळत होती. याच अंगठ्यांवर तिने लेकीला एकटीने वाढवलं. आखडलेल्या माना, धरलेल्या कंबरा, बाळंतिणींचे पाय, तान्ही बाळं, सगळ्यांना तिचाच हात हवा असायचा. पण पोटऱ्यांवरच्या या लालसर-जांभळ्या गाठी काही तिला दाद देईनात. तिनेही हट्ट सोडला नाही, रोज गरम तेल लावून रगडतच राहिली. शेवटी एक गाठ फुटली आणि चिघळली.

डॉक्टरांनी आधी टोचून काढलेला तुकडा वरच्या कातडीपुरताच होता. त्यात काहीच सापडलं नाही. "सूज कातडीखालच्या चरबीत आहे," ते म्हणाले. "चीर देऊन खोलातला तुकडा घ्यावा लागेल. छातीचा फोटोही काढू. असल्या गाठींमागे कधीकधी क्षय असतो."

एवढं बोलणं झालं, पण मालिशवालीने घरी आणला तो एकच शब्द.

"काय तर म्हणे चीर देणार! अजून धड दाढी फुटली नाही, नि निघालाय माझ्या पायात विहीर खणायला."

"विनोद पुरे. क्षय निघाला तर त्यावर औषधं आहेत. तोवर पाय उशीवर, घट्ट पट्टी, आणि हे रगडणं बंद."

"आणि त्या रोगाचं नाव गल्लीत फुटलं की? कोण देईल गं माझ्या हातात बाळ?"

"पायातल्या गाठींची कुणाला लागण होत नाही, आई. छाती स्वच्छ निघाली की झालं."

"आणि नाही निघाली तर?"

आईचा रात्रीचा खोकला लेकीलाही ऐकू यायचा. ती हळूच म्हणाली, "मग तर त्या बाळांसाठीच कळायला हवं ना? आत्ता ज्याला मालिश करायला निघालीयस, ते पोर दीड महिन्याचं आहे."

मालिशवालीचा अंगठा थांबला. तिने सोडून ठेवलेली पट्टी पोटरीवर गुंडाळली, वरून मोजा ओढून घेतला. भिंतीला धरून उठली. तेलाची पिशवी खांद्याला अडकवली.

"आई, उद्याची वेळ घेऊ ना डॉक्टरांची?"

दार उघडून ती बाहेर पडली. जिन्यावर तिचा एक पाय फरफटत होता.